टपाल कार्यालयातील पाच वर्षांची आरडी: महिना हजार रुपयांच्या एका खात्याचा पूर्ण हिशेब

सप्टेंबर २०१९मध्ये मी सांगलीतील एका टपाल कार्यालयात दरमहा हजार रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले आणि सप्टेंबर २०२४मध्ये साठ हप्ते पूर्ण होऊन ७२ हजार ३१४ रुपये माझ्या हाती आले. सगळे या खात्याला आरडीच म्हणतात, म्हणून मीही पुढे तोच शब्द वापरते. या पैशांतून मी स्वतःचे शिवणकाम सुरू केले. ज्यांचा पगार लहान आहे, ज्यांच्या पगारावर घरातल्या अनेकांचा हक्क आहे आणि तरीही ज्यांना स्वतःसाठी काही उभे करायचे आहे, त्यांनी सुरुवात या खात्यापासून करावी, असे माझे मत पाच वर्षांच्या अनुभवानंतर झाले आहे. खात्यात उणिवाही आहेत आणि त्या मी लपवणार नाही.

त्या वेळी मी कापड पेठेतील एका साडीच्या दुकानात नऊ हजार रुपये पगारावर काम करत होते आणि रात्री घरी साड्यांना फॉल लावून देत होते. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली, दुकानात पाणी शिरले आणि जवळजवळ महिनाभर काम बंद राहिले. त्या महिन्यात मला प्रथमच कळले की सहा वर्षे नोकरी करूनही माझ्याजवळ एका महिन्याच्या किराण्याइतके पैसे नाहीत. मी बचत करत नव्हते असे नाही. एका पतसंस्थेत मी रोज वीस रुपये पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, भरत असे, पण पुराच्या आधीच त्या संस्थेचे व्यवहार अडचणीत आले होते. माझे पैसे मागायला मी चौदा महिने हेलपाटे घातले आणि अखेरीस निम्म्याहून थोडी अधिक रक्कम मिळाली. बँकेतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवींना नसते, ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. टपाल खात्याच्या बचत योजनांमागे थेट केंद्र सरकार उभे असते, आणि व्याजाचा दर विचारण्याआधीच माझा निर्णय या एका कारणामुळे झाला होता.

आमच्या गल्लीत एक एजंट काकू येत असत. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२पासून चालू आहे आणि तिच्यात नेमलेल्या अशा हजारो बायका आजही घरोघर जाऊन आरडीचे हप्ते गोळा करतात. त्यांचे चार टक्के कमिशन सरकार देते, खातेदाराच्या पैशांतून काही कापले जात नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण कमिशन आपल्यालाच द्यावे लागेल या समजुतीने माझ्या ओळखीच्या दोन मुलींनी एजंटाकडे जाणे टाळले होते. काकूंनी मला पहिला प्रश्न विचारला तो रकमेचा नव्हता. त्या म्हणाल्या, “पगार कधी होतो गं तुझा?” मी सात ते दहा तारखेच्या दरम्यान असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग पंधराच्या आत उघडलं तरी चालेल, पण पगार लांबला तर तुझीच पळापळ होईल. विचार करून सांग.”

या प्रश्नामागचा नियम खाते उघडताना फार थोड्यांना माहीत असतो. खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले, तर पुढचा प्रत्येक हप्ता त्या त्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावा लागतो. ते १६ तारखेला किंवा त्यानंतर उघडले, तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. पगार उशिरा होणाऱ्याने, किंवा ज्याचे उत्पन्न रोजंदारीचे आहे त्याने, दुसऱ्या पंधरवड्यात खाते उघडणे शहाणपणाचे. मी मात्र घाई केली आणि ११ तारखेला खाते उघडले. पुढे पाच वर्षे दर महिन्याला दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान माझा जीव खालीवर होत असे.

आता व्याजाविषयी. या योजनांचे दर अर्थ मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करते आणि आरडीवरील व्याजाची गणना तिमाही चक्रवाढीने होते, म्हणजे दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवून पुढचे व्याज त्यावर धरतात. मी खाते उघडले त्या तिमाहीत दर ७.२ टक्के होता. या खात्याचा सगळ्यांत मोठा गुण मला इथे दिसला. खाते उघडताना जो दर असतो तोच पाचही वर्षे कायम राहतो. एप्रिल २०२०मध्ये नव्या खात्यांसाठीचा दर एकदम ५.८ टक्क्यांवर आला आणि तो जवळजवळ तीन वर्षे तिथेच राहिला, परंतु माझ्या हप्त्यांना, टाळेबंदीनंतर भरलेल्या हप्त्यांनासुद्धा, ७.२ टक्क्यांनीच व्याज मिळाले. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यांनी २०२१मध्ये ५.८ टक्क्यांना खाते उघडले, त्यांना नंतरच्या दरवाढीचा काहीच लाभ झाला नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये दर ६.७ टक्के झाला आणि त्या दराने महिना हजार रुपयांचे पाच वर्षांत सुमारे ७१ हजार ३६६ रुपये होतात. माझ्या दराशी तुलना केली तर फरक हजार रुपयांपेक्षा कमी आहे, म्हणून दर वाढण्याची वाट पाहत खाते उघडणे लांबवू नये, असे मी आकडे मांडून सांगते. किमान हप्ता आता शंभर रुपयांचा आहे आणि त्यापुढे दहाच्या पटीत कितीही रक्कम ठरवता येते.

हप्ते चुकले तर काय होते, याची मला सर्वांत अधिक भीती होती, कारण पतसंस्थेच्या अनुभवाने मी पोळले होते. प्रत्यक्षात इथला नियम सौम्य आहे. शंभर रुपयांच्या हप्त्यामागे चुकलेल्या महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे हजारासाठी दहा रुपये. २०२०च्या टाळेबंदीत दुकान बंद होते आणि एप्रिलचा हप्ता मी जूनमध्ये भरला, तेव्हा तर टपाल खात्याने त्या काळातील दंड सर्वांनाच माफ केला होता. त्यानंतर जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर आला, जुलैचा पगार अर्धाच मिळाला आणि ऑगस्टचा हप्ता राहून गेला. सप्टेंबरमध्ये मी आधी मागचे हजार व दंडाचे दहा रुपये आणि मग चालू महिन्याचे हजार असे भरले. लक्षात ठेवण्यासारखी मर्यादा एवढीच की चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते, आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करून घ्यावे लागते. तो काळही गेला तर पुढे पैसे भरता येत नाहीत.

जी गोष्ट बहुतेक लोक या खात्याचा दोष म्हणून सांगतात, तिनेच माझे पैसे वाचवले. आरडी तीन वर्षे पूर्ण होण्याआधी बंद करता येत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये घरात चुलत बहिणीचे लग्न ठरले. काका आमच्याकडे आले, चहा झाला आणि आईला म्हणाले की पोरीच्या आरडीत पंचवीसेक हजार साठले असतील, ते तात्पुरते द्यावेत, उन्हाळ्यात परत करतो. साठलेले नेमके सत्तावीस हजार होते. काका वाईट माणूस नाहीत, त्यांची अडचण खरी होती आणि आमच्या घरात मोठ्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. आरडीऐवजी हे पैसे साध्या बचत खात्यात असते, तर ते त्याच आठवड्यात गेले असते, याविषयी मला शंका नाही. मी आतून पासबुक आणले, त्यांच्यासमोर ठेवले आणि सांगितले की सप्टेंबर २०२२पर्यंत हे खाते मोडता येत नाही, सरकारचा नियमच तसा आहे. काकांनी पासबुक उलटून पाहिले, शेवटच्या नोंदीवर बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचला आणि मिटून परत दिले. ते रागावले नाहीत. लग्नात मी आहेर केला आणि नवरीचे चार ब्लाउज शिवून दिले. ज्या मुलीच्या हातात पैसा टिकत नाही असे घरचे म्हणतात, तिच्या हातून तो कोण कोण आणि कोणत्या कारणांनी नेतो, हे एकदा बसून लिहून काढावे. मी ते लिहिले होते आणि त्या यादीत माझ्या स्वतःच्या हौसेचा खर्च फार खाली होता.

खरोखरीची निकड आली तर मार्ग अगदीच बंद नसतो, हेही सांगते. बारा हप्ते भरून एक वर्ष झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते आणि त्यावर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज लागते. माझ्या बाबतीत ते ९.२ टक्के झाले असते. सावकाराकडे किंवा सोने गहाण ठेवायला जाण्यापूर्वी ही सोय आठवावी. मला ती वापरावी लागली नाही.

एजंटामार्फत खाते चालवणाऱ्यांनी एक सवय मात्र पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावी. खातेदाराकडे एक कार्ड असते. पैसे देताच एजंटाने त्यावर तारीख, रक्कम आणि सही करायची असते, आणि टपाल कार्यालयात भरणा झाल्यावर त्याची नोंद पासबुकात होते. कार्डावरची सही म्हणजे पैसे एजंटाला मिळाल्याची खूण आहे. ते सरकारदरबारी जमा झाल्याचा पुरावा पासबुकच देते. काकूंवर माझा पूर्ण विश्वास होता आणि त्या विश्वासाला त्यांनी पाच वर्षांत एकदाही तडा जाऊ दिला नाही, तरी दर तीन महिन्यांनी मी कार्ड आणि पासबुक शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहत असे. काकूंना याचे कधी वाईट वाटले नाही, उलट इतर गिऱ्हाइकांना त्या माझे उदाहरण देत. ज्यांना फोन वापरणे सोयीचे आहे त्यांना इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपमधूनही हप्ता भरता येतो.

उणिवा मी वर कबूल केल्या होत्या. पहिली अशी की या व्याजावर प्राप्तिकर लागू होतो आणि भरलेल्या हप्त्यांवर प्राप्तिकरात वजावटही मिळत नाही. माझे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असल्याने मला याची झळ बसली नाही, परंतु चांगला पगार असलेल्या व्यक्तीने हा विचार आधी करावा. दुसरी, तीन वर्षांनंतर पण पाच वर्षांपूर्वी खाते बंद केले तर ठरलेला दर मिळत नाही, बचत खात्याच्या दराने, म्हणजे चार टक्क्यांनी व्याज मिळते. चौथ्या वर्षी खाते मोडणाऱ्याचे नुकसान यामुळे बरेच होते. तिसरी उणीव मला सर्वांत अधिक जाणवली, ती महागाईची. मला हवे होते ते मोटरवर चालणारे पॉवर मशीन २०१९मध्ये मी अठरा हजारांना पाहून ठेवले होते. पाच वर्षांनी त्याच दुकानात टेबल आणि मोटरसह त्याची किंमत साडेचोवीस हजार झाली होती. माझे व्याज एकूण १२ हजार ३१४ रुपये झाले आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग या एका किंमतवाढीने खाल्ला. दीर्घ काळासाठी, म्हातारपणासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी पैसा वाढवायचा असेल तर आरडी पुरेशी नाही. त्यासाठी त्याच खिडकीवर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, आहे. त्याची मुदत पंधरा वर्षांची, वर्षाला किमान पाचशे आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात आणि व्याज करमुक्त असते. म्युच्युअल फंडातील एसआयपीविषयी, म्हणजे फंडात ठरावीक रक्कम नियमित गुंतवण्याविषयी, मी बोलत नाही, कारण ती मी स्वतः केलेली नाही.

भिशीशी तुलना मात्र केलीच पाहिजे, कारण आमच्याकडे बहुतेक बायका आरडी आणि भिशी यांतच निवड करतात. मी स्वतः वीसजणींच्या हजाराच्या भिशीत दोन वेळा होते. भिशीचा मोठा फायदा असा की चिठ्ठी लवकर निघाली तर सारी रक्कम आधीच हाती येते, जणू बिनव्याजी कर्जच. पण चिठ्ठी शेवटी निघाली तर वीस महिने पैसे भरून वीस हजारच मिळतात. शिवाय सगळा कारभार शब्दावर चालतो. आमची भिशी सचोटीची होती, तरी तिच्यात मिळालेली रक्कम दोन्ही वेळा घरखर्चात विरून गेली, कारण ती कशासाठी आहे हे ठरवायला मला सवडच मिळाली नव्हती. साठ महिन्यांत मात्र मला ते नीट ठरवता आले. पहिल्या वर्षी मी नुसतेच “शिवणकाम” म्हणत होते. तिसऱ्या वर्षी माझ्या वहीत मशीनचे मॉडेल, कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनची किंमत आणि गल्लीतल्या तीन गाळ्यांचे भाडे लिहिलेले होते. दुसऱ्या वर्षापासून मी रविवारी एका अनुभवी बाईंकडे अस्तराचे ब्लाउज आणि कटोरीचे कटिंग शिकायला जाऊ लागले, कारण पैसे हाती येतील तेव्हा हातही तयार असायला हवा होता.

एक सावधगिरीची सूचना. ज्यांच्या डोक्यावर सावकाराचे किंवा गटकर्जाचे भारी व्याजाचे देणे आहे, त्यांनी आरडी उघडण्याआधी ते फेडावे. एका हाताने २४ टक्के व्याज द्यायचे आणि दुसऱ्या हाताने सहा-सात टक्के घ्यायचे, हा व्यवहार तोट्याचाच आहे. त्याचप्रमाणे औषधपाण्यासाठी म्हणून दोन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे साध्या बचत खात्यात वेगळे असावेत, नाहीतर आरडी मोडण्याची वेळ हमखास येते. माझ्याकडे ते नव्हते आणि दोन्ही वेळा हप्ता चुकण्याचे खरे कारण तेच होते.

मुदत संपली त्या दिवशी मी पासबुक, आधार आणि पॅन घेऊन गेले. खाते बंद करण्याच्या अर्जावरील माझी सही पाच वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळत नव्हती, कारण मधल्या काळात मी सही आखूड केली होती. ओळख पटवून, नव्या सहीचा नमुना देऊन ते काम पूर्ण झाले, पण खाते उघडताना जी सही केली ती जपून ठेवावी, हे मी आता सर्वांना सांगते. रक्कम माझ्या बचत खात्यात जमा झाली. साडेचोवीस हजारांचे पॉवर मशीन, तेरा हजारांचे ओव्हरलॉक आणि गाळ्याची वीस हजार अनामत असे साडेसत्तावन्न हजार खर्च झाले. उरलेले १४ हजार ८१४ रुपये मी बचत खात्यातच राहू दिले आणि दोन महिने दुकानातली नोकरी सांभाळून संध्याकाळी गाळा उघडला. नोकरी सोडली ती दिवाळीच्या ब्लाउजांची वही भरल्यावरच.

नवी आरडी मी १८ ऑक्टोबर २०२४ रोजी उघडली. या वेळी तारीख विचारपूर्वक निवडली होती आणि हप्ता दीड हजारांचा ठेवला. ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांनंतर सुमारे १ लाख ७ हजार रुपये होतील आणि ते दुसऱ्या मशीनसाठी व एका मदतनीस मुलीच्या सुरुवातीच्या पगारासाठी आहेत. शिवणकामात पैसा हंगामात येतो, लग्नसराईत भरपूर आणि पावसाळ्यात थोडा, आणि त्यासाठी या खात्यातील आगाऊ भरण्याची सोय मला फार उपयोगी पडली. सहा हप्ते एकदम भरले तर मासिक हप्त्याच्या दर शंभर रुपयांमागे एकूण दहा रुपये आणि बारा हप्ते भरले तर चाळीस रुपये सूट मिळते. मे २०२५मध्ये लग्नाची कामे संपल्यावर मी सहा हप्ते एकत्र भरले. नऊ हजारांऐवजी ८ हजार ८५० रुपये लागले आणि ऑक्टोबरपर्यंतची चिंता मिटली. काकूंनी कार्डावर सहाही महिन्यांच्या ओळी एकाखाली एक भरल्या. ते कार्ड आणि पासबुक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाळ्याच्या माळ्यावर, २०१९च्या पुराच्या खुणेहून चार फूट वर ठेवले आहे.